थेट पहिल्या प्रकरणात

पुस्तक हातात आलं की आम्ही नगरकर आधी किंमत बघतो. मग मुखपृष्ठ कुणाचं, आवृत्ती कितवी, अर्पण कुणाला आणि ऋणनिर्देशात कुणाचं नाव राहून गेलंय. एवढं झाल्यावर वेळ उरलाच तर पुस्तक वाचतो. ई-पुस्तक मात्र उघडताच थेट पहिल्या प्रकरणात नेऊन आदळतं. बनवणाऱ्यानेच आत खूण करून ठेवलेली असते: वाचन इथून सुरू. मुखपृष्ठ नसतं असं नाही, मागे जाऊन शोधावं लागतं. सापडलं तरी माझ्या यंत्राच्या पडद्यावर भगवा, हिरवा, निळा सगळे सारखेच करडे. पक्षभेद संपला!

यात नगरचं (२०२४ पासून अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) खास नुकसान आहे. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आमच्या भुईकोट किल्ल्यात, तुरुंगात लिहिलं. एप्रिल ते सप्टेंबर १९४४. कोलकात्याच्या सिग्नेट प्रेसने ते १९४६ साली काढलं, मुखपृष्ठ सत्यजित राय यांचं. अर्पण केलंय किल्ल्यातल्या सोबतच्या बंद्यांना, ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ अशा तारखा घालून. आझाद, पटेल, नरेंद्र देव अशी मंडळी त्या पानावर उभी, आणि यंत्र विनंती थांब्यावरून एसटी जावी तसं सुसाट पुढे. नशीब, पहिल्या प्रकरणाचं नावच ‘अहमदनगर किल्ला’ आहे आणि शेवटच्याचं ‘पुन्हा अहमदनगर किल्ला’. पंडितजींना कुणकुण लागली असावी.

आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशात माउलींनी ज्ञानेश्वरीत असा सगळा तपशील शेवटी ठेवला, तोही पसायदानानंतर. गोदावरीचा काठ, रामदेवराव यादवाचं राज्य, शके १२१२, लेखनिक सच्चिदानंद बाबा. प्रकाशनाच्या पानावर लागतं ते सगळं आहे, फक्त किंमत नाही. पुढे पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत केली आणि खाली आपल्या ओव्या जोडल्या. यात कुणी स्वतःची ओवी घुसडू नये, असा दमही भरला. सर्व हक्क स्वाधीन, तेही ओवीबद्ध!

माझ्या यंत्राच्या लेखी मात्र पसायदान झालं की पुस्तक संपलं. लगेच चौकट आली: पुस्तक कसं वाटलं? पाचपैकी किती तारे द्याल?

“माउलींना तू मार्क देणार?” आई म्हणाली. मग चष्मा लावून तिने पडदा जवळ धरला. “आणि सच्चिदानंद बाबा कुठे गेले?”

“पुढच्या पानावर आहेत.”

“मग हा आधीच कसा विचारतो?”

चौकटीत खाली आणखी एक प्रश्न होता: या लेखकाचं नवं पुस्तक आलं की कळवू का?

आईने तो दोनदा वाचला.

“हो म्हण,” ती म्हणाली. “आलं तर बरंच आहे.”