जुना फोन रूट करण्याची सोपी पद्धत

रूट करणं म्हणजे फोनच्या सिस्टीमचा पूर्ण ताबा आपल्याकडे घेणं. सर्वप्रथम फोन निवडा. कपाटात पडलेला, काचेला तडा गेलेला उत्तम. जानेवारी २०१७ मध्ये भारतात आलेला शाओमीचा रेडमी नोट ४ या कामाला फार चांगला: ओळखीत कोणाकडे तरी हमखास सापडतो, आणि कंपनीने त्याला अँड्रॉइड ७ वर सोडून दिल्यालाही बरीच वर्षं झाली. ज्या फोनवर घरचं यूपीआय चालतं, तो घेऊ नका. घ्यायचाच असेल तर आधी एटीएममधून रोख काढून आणा.

मग हेतू तपासा. ‘फोन माझा, तर त्यातलं नको असलेलं ॲप मला का काढता येत नाही?’ हा हेतू सात्त्विक. गेममधली फुकट नाणी हा तामसी.

सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून एमआययूआय व्हर्जनवर सात वेळा बोट मारा. सातव्या वेळी फोन तुम्हाला डेव्हलपर झाल्याचं जाहीर करतो. प्रवेश परीक्षा नाही, फी नाही. नातेवाइकांना लगेच कळवू नका. नव्याने उघडलेल्या पर्यायांत ‘ओईएम अनलॉकिंग’ सुरू करा आणि फोनला एमआय खातं जोडा.

फोटो, नंबर, व्हॉट्सॲपचा बॅकअप, सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, अनलॉक होताना फोन धुऊनपुसून साफ होतो. ही सूचना सगळे वाचतात आणि अनलॉक झाल्यावर आठवतात.

आता विंडोजच्या संगणकावर कंपनीचं अनलॉक टूल चालवा. ते म्हणेल, थांबा. कोणाला ७२ तास, कोणाला १६८, कोणाला ३६०. तेवढ्यात तुमचं डोकं ठिकाणावर येईल अशी कंपनीला आशा असावी. प्रत्यक्षात माणूस याच दिवसांत ‘एका क्लिकमध्ये रूट’ करणारं ॲप शोधतो. तसं रूट होतच नाही असं नाही. जुन्या अँड्रॉइडमध्ये सुरक्षेची भोकं आहेत आणि ही ॲप तिथूनच आत शिरतात. पण शिरल्यावर घराच्या किल्ल्या कोणाच्या खिशात राहिल्या, हे तुम्हाला कधीच कळत नाही. थांबा म्हटलंय ना, थांबा.

अनलॉक झालं की मॅजिस्क घ्या. जॉन वू यांनी २०१६ मध्ये आणलेलं हे साधन सिस्टीमला हात न लावता बूट इमेजमध्ये बदल करतं. जुन्या व्हिडिओंत सुपरएसयू दिसेल. त्याचे दिवस गेले. मॅजिस्क घ्यायचं ते फक्त गिटहबवरच्या अधिकृत पानावरून. त्याच्या नावाने थाटलेल्या चकचकीत वेबसाइट वू यांच्या नाहीत.

फोनवर जी रॉम, म्हणजे कंपनीची सिस्टीम, आहे, नेमकी त्याच आवृत्तीची रॉम उतरवून तिच्यातून बूट इमेज काढा. ‘जवळपास तीच’ चालत नाही. या मूळ फाइलची एक प्रत संगणकावर जपून ठेवा. या सगळ्या उपद्व्यापात खरी सुरक्षितता काय ती एवढीच. दुसरी प्रत फोनमध्ये टाकून मॅजिस्कला द्या. ते बदललेली फाइल बनवून देईल, ती संगणकावर परत आणा.

फोन बंद करा. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून धरा. टोपीवाला ससा अँड्रॉइडचा रोबो दुरुस्त करताना दिसला, की तुम्ही फास्टबूटमध्ये आलात. संगणक ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’ म्हणत बसला, तर केबल बदला, मग ड्रायव्हर तपासा. संगणकाला रागावून फायदा नाही. ‘फास्टबूट फ्लॅश बूट’, पुढे बदललेल्या फाइलचं नाव, एंटर.

फोन सुरू झाला तर झालं. लोगो येतोय, जातोय, पुन्हा येतोय असं चाललं, तर नवस बोलू नका. पुन्हा फास्टबूटमध्ये जा आणि तीच आज्ञा जपून ठेवलेल्या मूळ फाइलचं नाव घालून द्या.

रूट झालेल्या फोनवर तुम्ही राजे. नको ते ॲप हाकला, जाहिराती अडवा. बँकेचं ॲप मात्र बहुधा दारातूनच परत पाठवेल. गूगलच्या तपासणीत अनलॉक केलेला बूटलोडर सहसा लपत नाही. तेव्हा घाबरून बूटलोडर पुन्हा लॉक करायला धावू नका. बदललेल्या बूट इमेजवर लॉक केलेला फोन सुरूच न होण्याची शक्यता असते. आधी कंपनीची मूळ रॉम पूर्ण टाका, ती चालतेय याची खात्री करा, मगच लॉक करा.