एडिटरगुरुजी

हिंजवडीच्या कुठल्याही कंपनीत, कुठल्याही टीममध्ये एक एडिटरगुरुजी असतातच. नवीन पोरगं जॉइन झालं की बाकीचे विचारतात, "पीजी कुठे बघितलंस?" गुरुजी विचारतात, "कोड कशात लिहितोस?" उत्तर काहीही आलं तरी त्यांच्या कपाळावर आठी उमटते.

गुरुजींची मूळ दीक्षा व्हिमची. माउसला हात लागला तर त्या काळी त्यांना विटाळ होई. ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली लोकांपुढे आणलेला हा एडिटर फुकट. नुसता उघडला की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, एवढंच सांगतो. ती ओळ गुरुजींनी वर्षानुवर्षं श्रद्धेने वाचली. दिलं काही नाही, पण वाचली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मोलेनार गेले, तेव्हा गुरुजींचा डीपी दिवसभर काळा होता.

मग सब्लाइम टेक्स्ट आला. किंमत ९९ डॉलर, पण चाचणीला मुदतच नाही. मधूनच सेव्ह करताना एक चौकट येते आणि लायसन्स घ्या म्हणून अदबीने सुचवते. गुरुजी तितक्याच अदबीने 'कॅन्सल' दाबतात. "आठ हजारांच्या वर रुपये? कशाचे, टाइप करायचे?" हे ते अडीचशेची कॉफी पिताना म्हणतात. शिवाय तत्त्वाचा प्रश्न आहेच: "ज्याचा सोर्स कोड बघता येत नाही, त्याला मी पैसे देणार नाही." ज्यांचा बघता येतो, त्यांचाही त्यांनी कधी बघितलेला नाही, आणि पैसे त्यांनाही दिलेले नाहीत. तत्त्व म्हटलं की पंक्तिभेद नको.

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये व्हीएस कोड आणला आणि हळूहळू सगळी टीम तिकडे गेली. गुरुजी बधले नाहीत. "सोर्स एमआयटी लायसन्सखाली आहे, मान्य. पण तू उतरवून घेतलास तो तयार माल मायक्रोसॉफ्टच्या वेगळ्या लायसन्सचा. तू काय करतोस ते वर कळवतो तो!" मुद्दा बिनतोड होता. म्हणून त्यांनी त्याच सोर्सवरून, टेलिमेट्री वगळून बांधलेला व्हीएसकोडियम घेतला. मग कळलं की मायक्रोसॉफ्टच्या मार्केटप्लेसमधली एक्स्टेंशन्स नियमाने मायक्रोसॉफ्टच्याच उत्पादनांसाठी आहेत. पायथनचं पायलान्स अडलं. काही दिवसांनी त्यांच्या लॅपटॉपवर व्हीएस कोडचं निळं चिन्ह दिसलं. "ते ऑफिसपुरतं रे. घरी कोडियमच!"

पैसे घेऊन एडिटर विकणाऱ्या जेटब्रेन्सने २०१५ मध्येच वर्गणी पद्धत जाहीर केली, तेव्हा जगभरचे प्रोग्रामर खवळले. शेवटी कंपनी नमली. वर्षभर वर्गणी भरणाऱ्याला एक जुनी आवृत्ती कायमची वापरायला मिळू लागली. त्या लढ्याविषयी गुरुजी असे बोलतात, जणू मोर्चाचा झेंडा यांच्याच हातात होता. पुढे आमच्या मॅनेजरने सगळ्यांना जेटब्रेन्सच्याच इंटेलिजेची लायसन्सं दिली. सगळ्यात आधी गुरुजींनी घेतलं. "रिफॅक्टरिंग बघ काय देखणं आहे! दर्जाची किंमत मोजावीच लागते." मोजली कंपनीने होती.

गिटहबने १५ डिसेंबर २०२२ ला आपला ॲटम एडिटर बंद केला, तेव्हा पोरं हळहळली. गुरुजी निश्चिंत. "सोर्स खुला आहे ना? मग मरतोय कशाला! कोणीही पुढे चालवावा."

"मग तुम्हीच चालवा ना, सर."

"अरे, स्प्रिंट चालू आहे."

सुदैवाने जगात स्प्रिंट नसलेली माणसंही असतात. त्यांनी त्याच सोर्सवर पल्सर उभा केला.

परवा मात्र आक्रीत घडलं. एका खुल्या एडिटरच्या माहितीपुस्तिकेत गुरुजींना एक स्वल्पविराम चुकलेला दिसला. त्यांनी दुरुस्ती पाठवली आणि ती स्वीकारली गेली. टीमला समोसे मिळाले, लिंक्डइनवर 'ओपन सोर्स काँट्रिब्युटर' झळकलं. त्याच दुपारी त्यांच्या स्क्रीनवर सब्लाइमची ती चौकट उगवली. शेजारच्या पोराने धीर करून विचारलं, "सर, आता तरी घेऊन टाका ना लायसन्स?"

'कॅन्सल' दाबत गुरुजी प्रेमाने म्हणाले, "बाळा, आता आपणही त्यांच्यातलेच झालो. घरच्या माणसाकडून कोणी पैसे घेतं का?"