अमेरिकन नातू सांगलीला आणण्याची शास्त्रोक्त रीत

न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब सुट्टीत घरी यायला निघतं, तेव्हा तिघांतला परदेशी नागरिक बहुधा एकच असतो आणि तो बाटलीने दूध पीत असतो. आईवडील कित्येक वर्षं तिथे राहूनही भारतीय पासपोर्टवरच असतात, कारण ग्रीन कार्डाची रांग काही पुढे सरकत नाही. चिरंजीव मात्र तिथल्या इस्पितळात जन्मले त्या क्षणी अमेरिकन झाले. दोन्ही देशांचे पासपोर्ट गडद निळेच, त्यामुळे आजीला फरक कळत नाही. मुंबईच्या इमिग्रेशन काउंटरवरच्या माणसाला तो लगेच कळतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तेव्हा ज्याच्या बारशाला आपण घुगऱ्या वाटल्या, त्याला घरी आणण्यासाठी भारत सरकारची परवानगी काढावी लागते. ती बिनचूक कशी काढावी, हे पुढे दिलं आहे. गरजूंनी कात्रण जपून ठेवावं.

भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड हा यावरचा राजमार्ग आहे. एकदा काढलं की जन्माची काळजी मिटली. पण त्याला आईवडिलांची कागदपत्रं जमवावी लागतात, हाताशी काही आठवडे असावे लागतात आणि मुख्य म्हणजे त्याचा विचार तिकीट काढण्यापूर्वी करावा लागतो. आपल्याकडे आधी तिकीट निघतं, मग सांगलीला फोन जातो आणि मग कुणीतरी विचारतं, "अरे, पण बाळाच्या व्हिसाचं काय?" हा प्रश्न पडला की ई-व्हिसाच्या वाटेला लागावं.

या ई-व्हिसाचा जो मंजुरीचा कागद ईमेलने येतो, त्याला सरकारी भाषेत इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन, म्हणजे ईटीए म्हणतात. ही सोय २७ नोव्हेंबर २०१४ रोजी ४३ देशांच्या नागरिकांसाठी सुरू झाली. तेव्हा मुंबई आणि गोवा धरून नऊ विमानतळांवर ती चालायची. सुरुवातीला तिच्या नावात 'व्हिसा ऑन अरायव्हल' असे शब्द होते. त्यामुळे लोकांना वाटलं, उतरल्यावर मिळतो. मिळत नसे, निघण्यापूर्वीच काढावा लागे. पुढे एप्रिल २०१५मध्ये नाव बदललं. आपले काही मामा अजून जुन्याच नावावर विसंबून आहेत. "तिथे उतरल्यावर देतात रे, माझ्या साहेबाला दिला होता," असं ते सांगतील. त्यांना नमस्कार करावा आणि पुढे जावं.

अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा. पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' आहे ना, हे चष्मा लावून बघावं. तसाच तिरंगा, तसाच ताजमहाल लावून बसलेली खाजगी दुकानं शोधयंत्रात वर दिसतात. तीही हाच फॉर्म भरतात, फक्त मध्ये स्वतःची दक्षिणा घेतात.

आता खरी अडचण. हा फॉर्म एका माणसाने, शांतपणे, पासपोर्ट समोर ठेवून भरायचा असतो. आपल्याकडे तो व्हिडिओ कॉलवर भरला जातो. तिकडे शनिवारची सकाळ, इकडे संध्याकाळ. सांगलीचे आजी-आजोबा, ठाण्याचे आजी-आजोबा, पुण्याची आत्या आणि 'मला कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणणारा एक भाचा, अशी कार्यकारिणी जमते. कोरम पूर्ण झाल्याशिवाय पहिला रकाना उघडत नाही.

पहिला रकाना नावाचा. आडनाव वेगळं आणि उरलेलं सगळं नाव वेगळं, पासपोर्टवर छापलंय तसं. मधलं वडिलांचं नाव छापलेलं असेल तर तेही. एवढं साधं आहे. पण याच्यापुढे नाव कधी बदललंय का, असा प्रश्न येतो आणि आजी खुर्चीत पुढे सरकते. पत्रिकेतलं नाव 'च' अक्षरावरून होतं, पाळण्यातलं वेगळं ठेवलं, आत्याने कानात सांगितलं ते तिसरंच, घरात सगळे चिंटू म्हणतात. सरकारला यातलं काहीही नको आहे. उत्तर 'नाही' असं आहे. आईचं नाव विचारतील तिथे मात्र थांबावं. लग्नात तांदळात लिहून बदललेलं नाव सासरच्या तोंडी असतं आणि पासपोर्टवर माहेरचंच राहिलेलं असतं. इथे सासूबाईंचं मत विचारात घेऊ नये. पासपोर्टचं घ्यावं.

जन्मतारखेचा घोळ सूक्ष्म असतो. अमेरिकेत आधी महिना लिहितात, भारताच्या फॉर्मात आधी दिवस. चार मार्चला जन्मलेलं मूल बघता बघता तीन एप्रिलचं होतं आणि गुरुजींना न विचारता त्याची पत्रिकाच बदलते. अमेरिकन पासपोर्टवर महिना अक्षरांत छापलेला असतो. त्याच्याकडे बघूनच लिहावं.

मग ओळखीची खूण. अंगावरची, दिसणारी. हा रकाना आजीच्या अधिकारातला. तिने आंघोळी घातलेल्या असतात. डाव्या पोटरीवरचा तीळ, मानेमागचा लालसर डाग, सगळं तिला तोंडपाठ. "गालावर आहे की एक!" असं ठाण्याच्या आजी म्हणतात तेव्हा त्यांनी ज्यावरून ते पाहिलं तो फोटो तपासावा. ती काजळाची तीट असते.

आणि त्यावरूनच फोटोकडे यावं लागतं, कारण अर्ज अडतात ते इथे. फोटो चौकोनी हवा, म्हणजे उंची आणि रुंदी सारखी. मागे पांढरं किंवा फिकं, सावली नको, कडेला चौकट नको. चेहरा समोरून पूर्ण, केसांपासून हनुवटीपर्यंत, डोळे उघडे. दोन वर्षांच्या मुलाला भिंतीसमोर उभं केलं तर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. मांडीवर घेतलं तर फोटोत बापाचे हात येतात, ते चालत नाहीत. अनुभवी लोक पांढऱ्या चादरीवर उताणं निजवतात आणि वरून फोटो काढतात. सावली मग फोटो काढणाऱ्याच्या डोक्याची पडते. खिडकीजवळ, दिवसाउजेडी, वर वाकलेला काका बाजूला सारून हे काम करावं. तीट पुसावी, दृष्ट लागण्याचा धोका तेवढ्यापुरता पत्करावा. फोटो १० केबीपेक्षा मोठा आणि १ एमबीपेक्षा लहान हवा. मोबाईलवरचा त्याहून बराच मोठा असतो. पासपोर्टचं पान पीडीएफ करून ३०० केबीच्या आत बसवायचं असतं. भाच्याचा खरा उपयोग काय, तो इथे कळतो.

शिक्षण, धर्म, व्यवसाय, सैन्यात किंवा पोलिसांत कधी होतात का, हेही विचारतात. शिक्षणाच्या रकान्यात 'प्ले ग्रुप' लिहिण्याचा मोह आत्याला होतो, तो आवरावा. आईवडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणी पाकिस्तानचे नागरिक होते का, असा एक प्रश्न आहे. तो आला की आजोबा सांगू लागतात, की त्यांच्या वडिलांची नोकरी कराचीला होती. गोष्ट खोटी नसते. १९३६पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता आणि कराचीत मराठी वस्ती होती. पण प्रश्न बाळाच्या आजी-आजोबांपाशी थांबतो. पणजोबांची हकिकत गच्चीवर सांगायची आहे, रकान्यात नाही.

शेवटाकडे सुरक्षेचे प्रश्न येतात. आपणास कधी अटक झाली आहे का? कुठल्या देशाने हाकलून दिलं आहे का? मानवी तस्करी, अमली पदार्थांचा व्यापार, हेरगिरी, घातपात, वंशसंहार, राजकीय हत्या यांत आपला सहभाग होता का? दहशतवादी हिंसेचं समर्थन करणारी मतं आपण कधी मांडली आहेत का? समोर अर्जदार पायातला मोजा चावत बसलेला असतो. बाप मोठ्याने प्रश्न वाचतो, कार्यकारिणी हसते, आजोबा म्हणतात, "घातपाताला हो लिही, माझा रेडिओ त्यानेच फोडला." असं लिहू नये. या प्रश्नांचा छापखाना सगळ्या जगाचा एकच आहे. अमेरिकाही व्हिसा मागणाऱ्या आजीला जवळपास हेच विचारते आणि तीसुद्धा हेरगिरी केली नसल्याचं मान खाली घालून कबूल करते. सगळीकडे 'नाही' निवडावं, पण प्रत्येक प्रश्न वाचून. एखादा प्रश्न उलटा निघाला तर सांगलीचा नातू दिल्लीच्या कुठल्याशा टेबलावर बराच काळ राहील.

या सगळ्याहून अवघड रकाना दिसायला अगदी निरुपद्रवी आहे. भारतातील संदर्भ व्यक्ती: नाव, पत्ता, फोन. व्यक्ती एकच. अमेरिकेतली एक वेगळी विचारतात, ती शेजाऱ्याच्या नावावर भागते. पण भारतातली कोण? सांगली की ठाणे? व्हिडिओ कॉलवर अचानक कुणी बोलत नाही. मग ठाण्याचे आजोबा म्हणतात, "आमचं काय, कुणाचंही लिहा," आणि त्याच वेळी त्यांच्या सौभाग्यवती कॅमेऱ्याबाहेर जातात. इथे घाई करणाऱ्याने पुढचे दोन गणपती स्वतःच्या जबाबदारीवर साजरे करावेत. जाणकार तडजोड अशी करतात: संदर्भ म्हणून सांगली, आणि भेट देण्याच्या ठिकाणांत ठाणे पहिलं. मुंबईला उतरल्यावर पहिला मुक्कामही ठाण्यालाच पडतो, तेव्हा हे सत्यालाही धरून असतं. पत्ता लिहिताना 'मारुतीच्या देवळामागे, जोशीकाकांच्या बोळात' हे गाळावं. पोस्टमन त्यावरून येतो, सर्व्हरला तो पत्ता समजत नाही. आणि फोन आजोबांचाच द्यावा. आजी अनोळखी नंबर उचलत नाही.

शुल्काबाबत सरकारने जे केलंय ते मला मनापासून आवडतं. ३० दिवसांच्या पर्यटक ई-व्हिसाला एप्रिल ते जून १० डॉलर आणि जुलै ते मार्च २५ डॉलर, असा भाव अमेरिकन पासपोर्टला २०१९पासून लावलेला आहे. उन्हाळ्यात इथे कोण येणार, असा त्यामागचा हिशेब. गोऱ्या पाहुण्यांच्या बाबतीत तो बरोबरही असेल. पण मराठी नातू येतो तोच मुळी हापूससाठी, शाळेच्या सुट्टीला आणि मुंजीच्या मुहूर्तांना. म्हणजे आपल्याला हवा तोच हंगाम सरकारने मंदीचा ठरवून स्वस्त केला. असा योग सरकारी कामात पुन्हा येणार नाही. त्याचा लाभ घ्यावा. गणपतीला किंवा दिवाळीला यायचं तर पंधरा डॉलर जास्त. महिन्याहून अधिक राहायचं असेल तर एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा व्हिसा काढावा, कारण ३० दिवसांचा वाढवून मिळत नाही. "राहू दे की अजून आठ दिवस" हे वाक्य प्रत्येक आजी एकोणतिसाव्या दिवशी उच्चारते.

अर्ज प्रवासाच्या किमान चार दिवस आधी करायचा. आजोबांना तो तिकीट निघालं त्याच दिवशी हवा असतो, पण ३० दिवसांच्या व्हिसाला पोहोचण्याच्या महिनाभर आधीच खिडकी उघडते. मंजुरी आल्यावर कागदावरची मुदतीची तारीख बघून घरात रडारड होते, कारण ती पोहोचल्यावर चार दिवसांतच संपताना दिसते. ती भारतात पोहोचण्याची शेवटची तारीख आहे. राहण्याचे ३० दिवस उतरल्यापासून मोजतात. हा खुलासा सरकारने केलेला आहे. पण आपण आधी रडतो, मग सूचना वाचतो.

ईटीएची छापील प्रत जवळ ठेवावी. व्हिसाचा शिक्का मुंबईलाच बसतो आणि तो मारायचा की नाही हे काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. १ ऑक्टोबर २०२५पासून परदेशी नागरिकांना ई-अरायव्हल कार्डही भरावं लागतं, उतरण्याआधीच्या ७२ तासांत, फुकट. भारतीय पासपोर्टवाल्या आईवडिलांना ते नाही. दूध पिणाऱ्याला आहे.

उलट दिशेचाही विचार करून बघा. अमेरिकेकडेही एस्टा नावाची ऑनलाइन परवानगी आहे, जानेवारी २००९पासून सक्तीची. पण ती ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांसाठी. भारत त्या यादीत नाही. त्यामुळे आजोबांना नातवाकडे जायचं तर मुंबईच्या बीकेसीतल्या वकिलातीत फाईल काखेत घेऊन उभं राहावं लागतं, ठसे द्यावे लागतात, आणि काचेपलीकडच्या तरुण मुलीला पटवावं लागतं की आपण सांगली सोडून तिकडे राहणार नाही. नातवाला मात्र चौकोनी फोटोवर भागतं. आपलं सरकार कशातच सोपं नाही म्हणणाऱ्यांनी ही एक बाब नोंदवून ठेवावी.

एकदा पैसे भरून अर्ज गेला की त्यात दुरुस्ती होत नाही आणि शुल्क परत मिळत नाही. चूक निघाली तर नवा अर्ज, नवे पैसे. म्हणून शेवटचं बटण दाबण्यापूर्वी व्हिडिओ कॉल बंद करावा, दार लावून घ्यावं आणि पासपोर्टवरचा प्रत्येक अंक, प्रत्येक अक्षर एकट्याने, बोट ठेवून वाचावं. आजीला नंतर कळवावं.