गाय मळकी निघाली, वहिनी!

अहो वहिनी, ऐकलंत का? इकडे भिंतीजवळ या आधी. जठारपेठेतल्या माझ्या बहिणीचा पोट्टा अकोल्याहून आलाय ना, पुण्यात लिनक्सच्या कर्नलचं काम करतो, तो. काल म्हटलं, चल बाप्पा, अंबादेवीला जाऊन येऊ. तर म्हणे, "मावशी, रिव्ह्यू आहे." मेमरीची दुरुस्ती कुणीतरी केलीय, ती हा तपासतोय. पानभरही मजकूर नाही, अन् दुपारपासून डोळे लावून बसलाय! मी म्हटलं, "तपासलं" म्हणून दे नाव अन् हो मोकळा. चेहराच उतरला त्याचा. "मावशी, ती गाय विसरलीस काय?"

आता डर्टी काऊ, लिनक्सच्या कर्नलमधलं ते भोक, कोणाला माहीत नाही? 2016 ची दिवाळी. वसुबारस आठवड्यावर आली अन् इकडे गाय मळकी निघाली! काऊ म्हणजे कॉपी ऑन राइट हो. सासूबाईंची लोणच्या-पापडांची वही एकच, दोघी सुना तीच वाचतात. एखादीला काही खरडायचं असलं, की तेवढ्या पानाची नक्कल तिला मिळते. मूळ पानाला हात नाही. किती शहाणपणाचं! आमच्याकडे असं असतं तर मेथकुटाच्या पानावर दुधाचा हिशेब…

तर काय सांगत होते. एकीनं सांगितलं, "लिहायचंय." कर्नलनं नक्कल केली आणि आता काम झालं म्हणून "लिहायचंय" ही खूणच पुसली. तेवढ्यात त्याच बयेनं दुसऱ्या हातानं नक्कल फेकून दिली! कर्नल पान आणायला परत गेलं, खूण तर नाही, म्हणून मूळ पानच आणून हाती दिलं. तिनं लिहिलं ना त्यावर! भाडेकरूनं सातबाऱ्यावर स्वतःचं नाव चढवावं, तसं. साधा वापरणारा थेट रूट, म्हणजे अख्ख्या मशीनचा मालक!

सापडलं कसं? फिल ओस्टर म्हणून एक आहे, सर्व्हरवर येणारं सगळं टिपून ठेवायची सवय त्याला. त्यातच सर्व्हरमध्ये घुसलेल्या चोराची हत्यारं मिळाली.

आणि खरी गंमत पुढेच. दुरुस्ती केली खुद्द लिनस टोरवाल्ड्सनं, आणि सोबत लिहून काय दिलं? की हा घोळ जुनाच, 11 वर्षांपूर्वी मीच तो दुरुस्त करायला गेलो होतो, पण वाईट केला. तेव्हाची दुरुस्ती आयबीएमच्या मोठ्या मशीनवर अडली म्हणून काढून टाकली होती. स्वतःच्या हातानं लिहिलं हो! आपल्या गल्लीत गच्चीची गळती कोणी तरी कबूल केली का आजवर?

खाली नावं, लग्नपत्रिकेसारखी. ह्यू डिकिन्सची संमती, मिखाल हॉकोनं तपासलं, आणि फिलच्या नावात चक्क "पॉल नव्हे" असं छापलंय! नाव चुकल्यावर कोण रुसलं असेल, तुम्हीच ओळखा.

दुरुस्ती काय, तर "लिहायचंय" पुसायचं नाही, "नक्कल झाली" अशी वेगळी खूण ठेवायची आणि पान डर्टी आहे का, ते बघायचं. डर्टी म्हणजे आपलं उष्टं. उष्टं असेल तर ते आपलंच पान, असा हिशेब. मला तर पटला. पुढं तोच हिशेब मोठ्या पानांना लावला, अन् तिथे नुसतं वाचायला हात लावला तरी पान उष्टं धरलं जायचं! 2017 च्या नोव्हेंबरात ते उघडं पडलं. तपासूनही निसटलं, म्हणून आमचा पोट्टा नाव द्यायला घाबरतो. बरोबर आहे त्याचं. अंबादेवी कुठे पळून जाते?

आणि हो, भाऊजींचा तो जुना अँड्रॉइड 2016 च्या आधीचाच ना, अपडेट बंद झालेला? ही गाय फोनांतही होती. बँकेचं काही त्यावर करू नका म्हणावं.