जायबंदी जावई

पळणाऱ्या माणसाचा घरात फारसा त्रास नसतो. पहाटे तो बाहेर असतो आणि रात्री नऊला झोपलेला असतो. मधल्या वेळात जे बोलतो तेवढं सोसलं की भागतं. अंत पाहतो तो पाय दुखावलेला पळणारा. तो दिवसभर घरातच असतो.

असं माणूस हल्ली घरटी एक निघतं. वय चाळिशीच्या आगेमागे, नोकरी पुण्यात, कंपनीच्या तपासणीत साखर काठावर. मग मित्राच्या नादाने दहा किलोमीटर, मग एकवीस, मग टाच. आमच्या वाट्याला हा नग अक्काच्या नवऱ्याच्या रूपाने आला. त्यातून 2023 चा अधिक श्रावण. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, तेव्हा बोलावणं चुकत नाही आणि जावयालाही येणं चुकत नाही. साताऱ्यात दारापुढे गाडी थांबली. आधी दाजींचा डावा पाय उतरला, मग फोम रोलर, मग बऱ्याच विचाराअंती उजवा पाय.

"काय पाव्हणं, लंगडताय का?" शेजारच्या तात्यांनी हटकलं.

"प्लांटर फॅशियायटिस," दाजी म्हणाले. बढतीचा हुकूम आल्यावर कारकुनाचा असतो तसा त्यांचा आवाज होता.

चहा होईतो सगळ्यांना कळलं, की टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, तो रात्रभर आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला ताणला गेला की ब्रह्मांड आठवतं. आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये असा पळणाऱ्यांचा दंडक आहे. दाजींनी ते दुप्पट केलं होतं. हे सांगताना त्यांना पश्चात्ताप झाल्याचं काही दिसलं नाही.

आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "सकाळी खाटेवरनं उतरताना जीव जातो तेच न्हवं? मला हे मागच्या पावसाळ्यापासनं आहे."

"आई, तुम्ही कुठं पळता? तुमचं वेगळं," दाजी म्हणाले.

आई पुऱ्या तळायला गेली. दिवसाकाठी ती ओट्यापाशी किती तास उभी असते, याची नोंद ठेवणारं घड्याळ तिच्या मनगटावर नाही.

पुढची लढाई चपलेवरून झाली. फिजिओने दाजींना अनवाणी चालायला सक्त बंदी केलेली, आणि आमच्या घरात देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक उंबरा तेवढा आहे. दाजी रबरी सपाता घालून उंबऱ्यापर्यंत आले आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून तिथेच थांबले. तेव्हापासून त्यांचं ताट सोप्यावर जाऊ लागलं. एकदा फोम रोलर गाडीतच राहिला म्हणून त्यांनी पोटरीवर पोळपाटाशेजारचं लाटणं फिरवलं. आई एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी नवीन लाटणं आलं.

उपचारावर तर घराचे दोन तट पडले. दाजींनी फ्रीजरमध्ये पाण्याची बाटली गोठवत ठेवली होती, ती ते तळव्याखाली घोळवायचे. अण्णांच्या मते टाच हा वाताचा विकार, आणि वाताला बर्फ म्हणजे आगीत तेल. त्यांनी परसातनं रुईची पानं आणली, चुलीत वीट तापवली, वर पानं ठेवली आणि म्हणाले, "ठेवा पाय." दाजींनी ठेवला. मग जे ओरडले ते ऐकून तात्या कुंपणापलीकडून म्हणाले, "उतरला बघा वात."

वाणाच्या दिवशी जावई म्हणजे साक्षात नारायण. अण्णांनी परातीत त्यांचे पाय धुवायला घेतले, तर उजव्या पायावर घोट्यापासून तळव्यापर्यंत निळ्या पट्ट्या. "ह्याला पाणी चालतं, घाम पण चालतो," नारायण म्हणाले आणि पट्टी कोणत्या दिशेने चिकटवावी ते सांगू लागले. निम्मं आयुष्य एसटीच्या कार्यशाळेत घालवलेल्या अण्णांना कुठलाही बिघाड हाताने चाचपून पाहायची सवय. त्यांनी टाचेत अंगठा रोवला. "हितं का?" परातीतलं पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. अनारशांवरही.

एवढं होऊन माणसाला करमत नव्हतं. संध्याकाळी म्हणाले, "यवतेश्वरचा घाट नुसता बघून येऊ." सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा रस्ता तो. शहरातनं निघून घाट चढायचा, कासच्या वाटेने पुढे जायचं आणि तसंच माघारी उतरायचं. 2012 पासून माणसं इथे हौसेने पैसे भरून धापा टाकायला येतात. गाडी मी चालवत होतो. धुकं उतरलेलं, रस्ता ओला, तरी सरावाची पोरं चढत होती. दाजींनी काच खाली केली.

"टाच आधी टेकतेय तुझी!" ते एकाला ओरडले. "पाऊल आखूड टाक!"

त्या पोराने न थांबता हात जोडले. मला जरा बरं वाटलं.

परत येताना विचारलं, "दाजी, सप्टेंबरात पळणार की नाही मग?"

"डॉक्टर नको म्हणालेत."

"मग राहू दे की."

"छे, नाव नोंदवलंय," दाजी म्हणाले. "दुसरा डॉक्टर बघतोय."