नानांचं आवक रजिस्टर

कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईने 'तातडीचे' असं लिहिलेलं दिसलं की काही माणसं आपोआप खुर्चीत सरळ होऊन बसतात. उभा जन्म सरकारी नोकरीत काढून ती निवृत्त होतात, पेन्शन घेतात, सकाळी अजिंक्यताऱ्याच्या बाजूला फिरून येतात. पण तो शब्द दिसला की हात अजूनही चष्म्याकडे जातो. आमच्या साताऱ्याच्या सोसायटीतले नाना हे या जातीचे. जिल्हा परिषदेतून निवृत्त. टिपणी लिहावी तर नानांनी, असा तालुक्यातालुक्यांत लौकिक.

संगणकावरच्या ठगांना कोण बळी पडतं, याबद्दल आपलं एक मत ठरलेलं असतं. लोभी पडतात किंवा अडाणी पडतात. नाना या दोन्हींत बसत नाहीत. लॉटरी लागल्याची मेल आली की ते "कोणाची तरी चुकून आपल्याकडे आलीय" म्हणून हळहळतात. नानांची खोड एकच, ते सूचना पाळतात. आणि पडद्यावरची खोटी धोक्याची सूचना ज्याने कोणी पहिल्यांदा लिहिली, त्याला नाना पुरते कळलेले होते. तिला विषय असतो, लांबलचक संदर्भ क्रमांक असतो, मुदत असते, मुदतीत कार्यवाही न केल्यास काय होईल याची धमकी असते आणि खाली संपर्कासाठी दूरध्वनी असतो. कारणे दाखवा नोटिशीचा सांगाडा जसाच्या तसा. मी एकदा म्हटलं, "नाना, इंग्रजीतल्या चुका बघा की, त्यावरून ओळखता येतं." नाना म्हणाले, "आमच्या परिपत्रकांत काय कमी असायच्या? म्हणून काय ती खोटी होती?"

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

नानांची आणि व्हायरसची पहिली गाठ कचेरीत पडली. संगणक आले तेव्हा त्यांच्यासाठी वातानुकूलित खोली झाली आणि दारावर पाटी लागली, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. कारण विचारल्यावर शिपाई म्हणाला, "आत व्हायरस जातो." नानांनी ते जसंच्या तसं मान्य केलं आणि पुढे कित्येक दिवस ते पाय धुऊन आत जात. मग आला तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला 'सीआयएच' व्हायरस. चेर्नोबिलच्या अपघाताच्या तारखेला, म्हणजे २६ एप्रिलला, जागा व्हायचं, हार्डडिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि जमलं तर बायोसही बाद करायचा, असा त्याचा खाक्या. १९९९ साली ही तारीख सोमवारी आली. त्या दिवशी नानांच्या विभागात संगणक कोणी सुरूच करू नये, असा तोंडी आदेश निघाला, आणि तोंडी आदेश लेखी मिळावा म्हणून नानांनी अर्ज केला. व्हायरसबद्दल मात्र ते आदरानेच बोलतात. "दिलेल्या तारखेला हजर! आमच्या खात्यात असा एक माणूस दाखव."

पण नानांच्या लेखी व्हायरसांतला सद्गृहस्थ म्हणजे १९८६ चा 'ब्रेन'. लाहोरच्या दोघा भावांनी तो लिहिला आणि आत चक्क आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला. "पत्ता आहे म्हणजे पत्रव्यवहार करता येतो," नाना म्हणतात. हल्लीच्या व्हायरसांवर त्यांचा मुख्य आक्षेप हाच, की ते निनावी असतात आणि निनावी अर्जांची दखल घेऊ नये असा नियम आहे.

घरचा संगणक न्यू जर्सीच्या मुलाने घेऊन दिला. त्याच्या शेजारी एक लांबट, लाल कापडी पाठीची वही असते. वर सुवाच्य अक्षरात 'आवक'. रकाने पाच: अनुक्रमांक, दिनांक, प्रेषक, विषय, केलेली कार्यवाही. पडद्यावर जे जे उगवतं ते ते नाना त्यात नोंदवतात. 'तुमचा संगणक असुरक्षित आहे' याच्यापुढे 'वाचले' असा शेरा. 'तीन धोके सापडले' याच्यापुढे 'कोणते, याचा खुलासा मागवावा'. एका पानावर तर एकाच प्रेषकाची इतकी स्मरणपत्रं आहेत, की नानांनी समासात पेन्सिलीने लिहिलंय, 'फारच चिकाटी'.

ही चिकाटी कुठून आली, ते मी शोधलं. कुठल्याशा साइटवर 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' असं लिहिलेलं होतं आणि नानांनी ते दाबलं होतं. आपण यंत्रमानव नाही याची नोंद कुठेतरी व्हावी, असं त्यांना वाटलं. खरं तर त्या बटणाने त्या साइटला उजव्या कोपऱ्यात हव्या तेव्हा चिठ्ठ्या टाकायची मुभा मिळते. तेव्हापासून नानांनी कधीही विकत न घेतलेल्या अँटिव्हायरसची मुदत रोज संपत होती. मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशनच्या यादीतून त्या साइटचं नाव काढून टाकलं. एवढाच इलाज असतो. नाना अस्वस्थ. "अरे, एकदा मंजूर केलेली परवानगी समोरच्याचं म्हणणं न ऐकता कशी रद्द करतोस?"

अँटिव्हायरसही त्यांच्याकडे एक नव्हता. पहिला पुण्याचा, क्विक हीलचा. कैलास काटकर मूळचे रहिमतपूरचे, कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकाकडे वळले, धाकट्या संजयने अँटिव्हायरस लिहिला, हे नाना इतक्या अभिमानाने सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं बदलीची ऑर्डर नानांनीच काढली होती. दुसरा एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतला. दोन अँटिव्हायरस एका संगणकात राहिले की एकमेकांच्या फायली उघडून तपासत बसतात आणि मालक ताटकळतो. नानांचं मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागायचा, की बटण दाबून ते अंघोळीला जात. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर दुसरा पहारेकरी दिसला की आपण होऊन बाजूला होतो. त्याची 'बंद आहे' ही सूचना नानांनी 'संप' या सदरात नोंदवली होती.

आणि तिसरा अँटिव्हायरस हाच खुद्द चोर होता. हा धंदा जुना. 'विनफिक्सर', 'ड्राइव्हक्लीनर', 'एक्सपी अँटिव्हायरस' असल्या नावांनी फुकट तपासणी करून द्यायची, नसलेले रोग दाखवायचे आणि औषध विकायचं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ साली अशा एका टोळीला कोर्टात खेचलं आणि २०१२ साली कोर्टाने १६ कोटी ३० लाख डॉलर भरण्याचा हुकूम दिला. तपासणी म्हणजे नुसतं हलणारं चित्र. हिरवी पट्टी सरकत जाते, खाली फायलींची नावं पळतात, संगणकाच्या आत कोणी पाऊलही टाकलेलं नसतं. मी हे समजावलं तेव्हा नाना बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्याकडच्या वार्षिक तपासणीसारखंच."

घरात दुसरी कार्यपद्धतीही आहे. ती माईंची. माई संगणकावर सिरियलचे चुकलेले भाग आणि लोणच्याच्या कृती बघतात. काहीही आडवं आलं, मग ते लाल असो, लुकलुकतं असो की भुंकणारं असो, फुली शोधून बंद करतात. फुली नसली तर आख्खी खिडकी बंद करतात. वाचत नाहीत. दारावर आलेल्या पावडरवाल्याला त्या चाळीस वर्षं जशा "नको" म्हणत आल्या, तशाच. माईंच्या हातून संगणकाला आजवर काही झालेलं नाही. संगणक-सुरक्षेवरची व्याख्यानं ऐकून मला जे कळलं, त्याहून जास्त मला माईंच्या त्या तर्जनीकडे बघून कळलं, हे इथे सांगून टाकतो.

एका दुपारी नानांच्या पडद्यावर भोंगा वाजला. आख्खा पडदा निळा, वर लाल चौकट, आणि एक बाई कडक इंग्रजीत सांगतेय की तुमचा संगणक रोखण्यात आला आहे, तो बंद करू नका, खालच्या क्रमांकावर फोन करा. हे पान ब्राउझरला पूर्ण पडद्यावर पसरवतं, म्हणून फुली दिसत नाही. एस्केप दाबून धरलं की फुली परत दिसते, आल्ट आणि एफ-फोर दाबलं की बाईंची मुलाखतच संपते. पण 'बंद करू नका' असा स्पष्ट आदेश होता. नानांनी तो पाळला. भोंगा चालू, बाई बोलतायत, नाना समोर खुर्ची टाकून बसलेले. फोन लागत नव्हता, तिकडे लाइन व्यग्र. संध्याकाळी माईंनी त्या बाईंना चहा विचारला. रात्री आठला वीज गेली आणि सगळं शांत झालं. नानांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'अपरिहार्य कारणास्तव तहकूब'.

पुढच्या खेपेला फोन लागला. माईंनी मला हाक मारली, मी धावत गेलो, पण नानांनी तळहात दाखवून मला बसवलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडचा तरुण स्वतःला विंडोजच्या कार्यालयातला म्हणवत होता. खऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, हे मी एका कागदावर लिहून नानांपुढे सरकवलं. नानांनी त्यावर तारीख घालून तो फाइलला लावला.

त्या तरुणाने नानांकडून विंडोज आणि आर ही बटणं दाबून घेतली, 'ई फॉर एलिफंट' करत एक शब्द टाइप करून घेतला आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडवला. हा यांचा हुकमी पत्ता. विंडोज तिथे बारीकसारीक गोष्टींची नोंद ठेवतो. धडधाकट संगणकातही लाल-पिवळ्या खुणा शेकड्यांनी असतात. त्या बघून माणूस हादरतो. नाना उजळले. दिनांक, वेळ, स्रोत, क्रमांक! आपल्या संगणकाच्या पोटात आपल्यासारखंच कोणीतरी इतकी वर्षं इमानाने रजिस्टर लिहीत बसलंय, हे त्यांना आज कळत होतं. "थांबा, पहिल्या नोंदीपासून बघू," नाना म्हणाले आणि मोठ्याने वाचू लागले. तो "सर, सर" करत होता. नाना बाविसाव्या नोंदीवर होते.

मग त्याने सांगितलं, एक ॲप उतरवा, त्यातून संगणकाचा ताबा माझ्याकडे द्या. माझ्या पोटात गोळा आला. असल्या ॲपमधून खाती रिकामी होतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना दिला होता. पण 'ताबा' हा शब्द त्याने चुकीच्या माणसापुढे उच्चारला होता. "चार्ज द्यायचाय?" नाना म्हणाले. "मग यादी करावी लागेल." आणि त्यांनी कोरा कागद ओढला. मॉनिटर, एक. कीबोर्ड, एक, त्यातलं 'ए' अक्षर पुसट. माऊस, एक, चालू स्थितीत. "घेणाराचं पूर्ण नाव आणि हुद्दा सांगा." पलीकडे कुजबुज झाली. त्याने पैशांचा विषय काढला. नाना म्हणाले, या रकमेच्या खरेदीला तीन दरपत्रकं लागतात, आणखी दोघांचे फोन नंबर द्या.

शेवटी त्याने ठेवणीतलं अस्त्र काढलं. "सर, तुमच्या संगणकाचा गुप्त परवाना क्रमांक माझ्यापुढे आहे. जुळवून बघा, मग तरी विश्वास ठेवाल?" काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करून घेतली, भराभर ओळी उतरल्या. तो वाचू लागला: तीन आठ, डीसीए, साठ... नाना प्रत्येक अक्षरावर पेन्सिलीची टिचकी मारत गेले. सगळी जुळली. नानांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी वरच्या मजल्यावरून माझा लॅपटॉप आणला आणि तीच आज्ञा दिली. तोच क्रमांक. हा आकडा झाडून सगळ्या विंडोजमध्ये सारखाच असतो, परवान्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

नानांनी दोन्ही पडदे पाहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना आवाज चढवताना ऐकलं.

"अहो, दोन वेगळ्या माणसांना एकच जावक क्रमांक? कोण बसलंय तुमच्याकडे जावकला? तुमच्या कार्यालयप्रमुखांना द्या!"

फोन कट झाला. नानांनी लगेच उलट फोन लावला. चार वेळा. पलीकडून कोणी उचलेना.

त्या रात्री नानांनी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, सोबत चार्जची अपुरी यादी जोडली. सकाळी सोसायटीच्या फलकावर त्यांच्या अक्षरातला कागद होता. वर लाल शाईत 'अत्यंत तातडीचे'. संदर्भ क्रमांक. विषय: संगणकावरील बनावट सूचनांबाबत. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर संपर्क साधावा, दिरंगाई केल्यास होणाऱ्या नुकसानीस रहिवासी स्वतः जबाबदार राहील.

दहाच्या सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्या कागदाचा फोटो आला. खाली सेक्रेटरींचा इशारा: फलकावर कोणीतरी बोगस नोटीस लावली आहे, तिच्यातल्या चार आकडी नंबरावर कोणीही फोन करू नये. सत्तावीस जणांनी अंगठे दिले. एक अंगठा माईंचा होता.

नानांनी तो इशारा आवक रजिस्टरला चढवला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'योग्य दक्षता. नस्ती करावे.'