अपील आधी की शिक्षा आधी?

गांजा 20 किलोच्या पुढे गेला की कायद्याच्या भाषेत ते व्यापारी प्रमाण. शिक्षा किमान 10 वर्षं, दंड किमान 1 लाख. पण त्याच कायद्यातली गांजाची व्याख्या वाचा. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया गांजा नव्हेत. जप्तीच्या वेळी पोतं काट्यावर चढतं ते मात्र अनेकदा काड्या, पानं आणि ओल यांच्यासकट. पंचनाम्यात 21 किलो लिहिलं गेलं की माणूस 10 वर्षांच्या हिशेबात गेला. निव्वळ शेंडे किती भरले असते, हे मग वकिलाने अपिलात विचारायचं. आणि अपिलाचा नंबर लागायला वर्षं जातात.

तोवर शिक्षेला स्थगिती मिळावी ना? 1985च्या याच अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यात पुढे कलम 32-अ घातलं गेलं: शिक्षा झाली की स्थगिती नाही, सूट नाही, शिक्षा सौम्य करणंही नाही. 2000 साली, महाराष्ट्र सरकार प्रतिवादी असलेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने यातली स्थगितीवरची बंदी घटनाबाह्य ठरवली. अपिलाचा हक्क द्यायचा आणि अपील ऐकणाऱ्या कोर्टाचे हात बांधायचे, हे न्यायालयाला मान्य झालं नाही. निकाल मोलाचाच. पण स्थगिती द्यायची ती कलम 37च्या अटी पाळून, असंही त्यातच म्हटलं आहे. सूट देण्यावरची बंदी तर कायम राहिली, म्हणजे चांगल्या वर्तनाचे दिवसही वजा होत नाहीत.

कलम 37 काय मागतं? आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण हवं, आणि बाहेर आल्यावर तो कोणताही गुन्हा करणार नाही असंही दिसायला हवं. खालच्या कोर्टाने नुकतंच ज्याला दोषी ठरवलं, त्याने हे कुठून दाखवायचं? अपील जवळपास जिंकून दाखव, मग अपिलाचा निकाल लागेपर्यंत घरी जा, असा हा न्याय आहे.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचे कारखाने चालवणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. 2024 मध्ये कुरकुंभला असा कारखाना सापडला, ते आपण पाहिलं आहे. अशांना आत ठेवायचं असेल तर त्यांची अपिलं वर्षभरात ऐका. ते जमत नसेल तर पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने घातला तसा दंडक इथेही घाला: 10 वर्षांपैकी 4 भोगली, त्यात शिक्षा लागल्यानंतरचे किमान 15 महिने आले, की अपील होईतो जामीन.

अपील मंजूर झालं की हुकमाच्या शेवटी ठरलेलं वाक्य येतं: अन्य गुन्ह्यात आवश्यक नसल्यास तत्काळ मुक्त करावे. जो 10 वर्षं पुरी भोगून आधीच घरी पोचला आहे, त्याला कुठून मुक्त करणार?